डाव्या खांद्यावरच्या मुंग्या

दिगू,

हे मी लिहून सांगतोय, यातच आपलं जुनं भांडण तू जिंकलास असं समज. बोलणं बरं की लिहिणं, यावर चार वर्षं मी बोलण्याचं वकीलपत्र घेऊन फिरलो. आणि परवा, तुझ्या बाराव्याला, मिठबावला तुमच्या घरापुढच्या खळ्यात सगळे जमलेले असताना तुझ्या मामांनी मला खूण केली, "नंदू, दोन शब्द तू बोल रे. तुका बोलाची सवय आसा."

सवय कसली, हौसच ती. टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा लागल्या की देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत कर्णा माझ्या हातात. चेंडू खाडीत गेला तर तो बुडेपर्यंत मी त्याचं वर्णन करतो. तर मी उठलो, घसा खाकरला, हात जोडले आणि उभा राहिलो. माडावर कावळा ओरडत होता. तुझी आये दारात बसून माझ्याकडे बघत होती. बराच वेळ मी तोंड उघडं टाकून उभा होतो, मग खाली बसलो. मागून कोणीतरी म्हणालं, "गळो दाटलो रे तेचो."

पण मला जे सांगायचं होतं ते खळ्यात, आयेच्या समोर, सांगण्यासारखं नव्हतं. ते तुलाच सांगायचं होतं. आणि तुला सांगायला मला चार वर्षं आणि बारा दिवस उशीर झाला होता.

तू माझ्याकडे आलास तो विद्यार्थी म्हणून. शतक बदलायच्या आदल्या वर्षी मालवणात एका कापडदुकानाच्या माडीवर मी कॉम्प्युटर क्लास काढला होता. मशीन तीन, त्यातलं चालू एक. पाटीवर मात्र माझ्या नावाखाली 'संचालक' असं रंगवून घेतलेलं. तिसऱ्या दिवशी मी फळ्यावर एक प्रोग्राम लिहिला आणि तो किती सुंदर चालतो हे पाऊण तास समजावलं. तू मागच्या बाकावरून उठलास, एक शब्द न बोलता फळ्याशी आलास, माझ्या हातातला खडू काढून घेतलास आणि मध्येच एक ओळ घुसडून जागेवर जाऊन बसलास. त्या प्रोग्रामला थांबायची अटच मी दिली नव्हती. तो सुरू झाला असता तर वीज जाईपर्यंत चालत राहिला असता. ती अट तू लिहिलीस.

पोरगा शिष्ट आहे, असं मला वाटलं. मग कळलं की तुझं बोलणं अडतं. पहिलं अक्षर ओठांपर्यंत यायचं आणि वाळूत होडी रुतावी तसं तिथेच बसायचं. मग तू डोळे मिटायचास. क्षणभर थांबायचास. आणि मग शब्द सुटायचा, अगदी स्वच्छ. समोरच्याने फक्त तेवढा क्षण थांबायचं होतं.

आणि समोर कोण? मी. ज्याच्यात थांबायची अटच घातलेली नाही.

तुझी वाक्यं मीच पूर्ण करायला लागलो. मला वाटायचं मी मदत करतोय. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात तू "का... का..." म्हणालास की मी ओरडायचो, "कांदाभजी, दोन प्लेट!" इतकी वर्षं तू माझ्यासमोर बसून कांदाभजी खाल्लीस. परवा आये म्हणाली, "तेका कांदो सोसायचो नाय रे. तुझ्याकडसून इलो की ओवो चावीत बसायचो." तुला "काय नको" म्हणायचं असायचं. मेल्या, एकदा तरी प्लेट माझ्याकडे सरकवायचीस! मी खाल्ली असती. दोन्ही खाल्ल्या असत्या.

आपला ग्रुप निघाला त्याचं नावही तू कागदावर लिहून दाखवलंस: रापण. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढतात तेव्हा दोरीला ज्यानं हात लावला त्याला मासळीत वाटा, मग तो कोण का असेना. आपणही तसंच करायचं, ज्याला प्रोग्राम लिहायला शिकायचंय त्यानं यावं, ज्याला जे येतं ते त्यानं दुसऱ्याला सांगावं. ईमेलवर सुरू झालेली आपली रापण बघता बघता चाळीसेक माणसांची झाली. मालवण, देवगड, पणजी, पुण्याच्या कॉलेजातला एकजण, बोटीवर नोकरी करणारा एक, आखातात दोघे. आणि इन्सुलीच्या सुनंदाताई. नाक्याजवळ त्यांचं टेलिफोन बूथ. ट्रकवाले तपासणीसाठी थांबले की घरी फोन लावायला त्यांच्याकडे रांग लावायचे, आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना ताई बूथच्या कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर प्रोग्राम शिकायच्या. लाइन इतकी हळू की पडद्यावर एक फोटो उघडेपर्यंत ड्रायव्हर घरच्यांशी बोलून, चहा पिऊन, इन्सुली सोडून गेलेला असायचा.

पत्रापत्रीनं भागेना, एकाच वेळी सगळ्यांना भेटायला जागा हवी, असं ठरलं तेव्हा तू आयआरसी या चॅटच्या सोयीवर खोली उघडलीस. नुसत्या अक्षरांची खोली. काळा पडदा, पांढऱ्या ओळी, चित्र नाही, आवाज नाही. नाव ठेवलंस चव्हाटो. आणि गावाच्या वेशीवर राखणदार असतो तसा त्या खोलीलाही एक हवा म्हणून तू छोटा प्रोग्राम लिहिलास, राखणो. तो पुण्याच्या पोराच्या मशीनवर दिवसरात्र जागा. कोणी खोलीत शिरलं की तो लिहायचा, "इलास? वायच बसा." आणि कोणी ओळीच्या शेवटी 'म्हाराजा' लिहिलं की लगेच उत्तर द्यायचा, "व्हय म्हाराजा." गावात गाऱ्हाणं घालताना एकजण देवाला एकेक मागणी सांगतो आणि मागे सगळे म्हणतात ना, तसं. मग काय, लोकांनी त्याचा छळ मांडला. "माझो प्रोग्राम आज तरी चालांदे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." प्रोग्राम काही चालायचा नाही, पण बरं वाटायचं.

चव्हाट्यावर तू वेगळाच माणूस होतास. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली तुझी मालवणी सुसाट सुटायची. मी एक शंका वीस ओळींत विचारली होती, तर खाली तुझी ओळ पडली, "नंदू, हो प्रश्न आसा काय आरती? उभ्यान रवायचा काय ता सांग." बोटीवरचा माणूस म्हणे हसताना खुर्चीवरून पडला. एकदा मी क्लासच्या सगळ्या मुलांचे मार्क स्वतःच्याच प्रोग्रामनं पुसून टाकले. दुपारभर डोक्याला हात लावून बसलो होतो. तू चव्हाट्यावरच्या जुन्या गप्पा चाळल्यास आणि आठवड्यापूर्वी बढाई मारायला मी तिथे चिकटवलेली मार्कांची अख्खी यादी काढून दिलीस. वर एक ओळ: "अक्षर रवता. आवाज जाता."

ही ओळ मी तेव्हा वाचली आणि सोडून दिली. आता ती मला सोडत नाही.

मग मस्कतहून माझा आतेभाऊ आला आणि त्यानं हेडफोन आणला, तोंडासमोर काळं बोंड असलेला. तो डोक्याला लावून मी आरशात बघितलं आणि आपलं वाटोळं झालं. तेव्हा एका बड्या कंपनीचा फुकट मेसेंजर आला होता. त्यात सभा भरवता यायची, बटण दाबून धरलं की आपला आवाज सगळ्यांच्या कानात. मी जाहीर केलं, चव्हाटो बंद, रापण आता बोलणार.

तू मला पत्र लिहिलंस. आपल्या खोलीतच राहूया, यासाठी सात मुद्दे. एक, आवाजाला लाइन जाड लागते, निम्म्या लोकांकडे ती नाही. दोन, सुनंदाताईंसारख्यांचा दोरीवरचा हात सुटेल, मग ती रापण कसली. तीन, प्रोग्राम तोंडानं वाचून दाखवता येत नाही. चार, अक्षर रवता. पाच, मेसेंजर त्या कंपनीचा, उद्या तिनं दार लावलं तर आपण रस्त्यावर. सहा, चव्हाटो आपण बांधलाय. आणि सात.

सातच्या पुढे काही नव्हतं. नुसता आकडा आणि टिंब.

हॉटेलात मी ते पत्र तुझ्यासमोर धरलं. "सातवो मुद्दो खंय? विसारलंस?"

तू भज्यांच्या प्लेटकडे बघत म्हणालास, "न... न..."

"नसांदे," मी म्हटलं. "सहा पुरे झाले. सहाच्या सहा मी पाडतलंय."

दिगू, आता खोटं बोलून कोणाला फसवणार? सातवा मुद्दा मला तेव्हाच कळला होता. त्या टिंबाकडे बघितल्याबरोबर. पण तो समजल्यासारखं दाखवलं असतं तर मला हेडफोन काढून ठेवावा लागला असता. आणि मला तो फार शोभत होता.

सभासद अर्धे तुझ्या बाजूचे, अर्धे माझ्या. महिनाभर ईमेलवर कडाकडा भांडले. शेवटी मी म्हटलं, आमच्या तोंडवलीत जमिनीच्या बांधापासून मुलीच्या लग्नापर्यंत अडलेला प्रश्न देवासमोर नेतात, कौल लावतात. आपणही लावू. तुला हसू येईल असं वाटलं होतं. तू मात्र तळहातावर बोटानं लिहून दाखवलंस: चालेल. तुझा देवावर विश्वास होता. माझा काकांच्या मोतीबिंदूवर.

आमचे आबाकाका देवळाचे गुरव. देवाच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न सांगायचा, उजवी आधी पडली तर एक, डावी पडली तर दुसरं. काकांना दिसत नसे, हात थरथरत असे, म्हणून पाकळ्या लावायचं काम माझ्याकडे आलं होतं. उजवी म्हणजे आवाज, डावी म्हणजे अक्षर, असं ठरलं. काकांनी गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या दोन झिलांचा त्या कॉम्प्युटरावरसून काय ता भांडाण जाला आसा म्हाराजा! माका कायएक समाजला नाय म्हाराजा! तुका समाजला तर सांगून टाक म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी खणखणीत म्हटलं. तू नुसते ओठ हलवलेस.

आता ऐक. नैवेद्याच्या वाटीत गूळ होता, उन्हानं पाघळलेला. डावी पाकळी लावताना माझं बोट आधी त्या वाटीत बुडालं. चुकून नाही.

उजवी पाकळी श्वास घ्यायच्या आत खाली आली. डावी जागची हलली नाही. काकांनी विचारलं, "काय पडला रे?" मी सांगितलं, "उजवो!" तू "ब... ब..." करायला लागलास. "बरो कौल दिल्यान म्हणता दिगू," मी काकांना सांगून टाकलं. त्या दिवशी परतीची एसटी आलीच नाही, आणि तू आमच्याकडे वस्तीला राहिलास. माझ्या आईनं केलेलं बांगड्याचं सार दोनदा मागून घेतलंस. सकाळी मी उठायच्या आधीच निघून गेलेला होतास. मला वाटलं, हरल्याचा राग.

आवाजाच्या पहिल्या सभेत मी पॉइंटर या विषयावर चाळीस मिनिटं बोललो. मधूनमधून विनोदही केले. शेवटी "काही शंका?" असं विचारून पाणी प्यायलो तेव्हा खाली बघितलं. माइकची पिन भलत्याच भोकात होती. चाळीस मिनिटं सगळ्यांनी शांतता ऐकली होती. खालच्या चिंचोळ्या पट्टीत तू अकरा वेळा लिहिलं होतंस, "आवाज येत नाय." मी एकदाही वाचलं नव्हतं. पुढच्या सभेला हाच किस्सा मी सगळ्यांना रंगवून सांगितला, खूप हशा मिळाला. तू अकरा वेळा लिहिलंस आणि मी वाचलं नाही, हा भाग विनोदात खपून गेला.

नंतरच्या सभांना यादीत तुझं नाव असायचं, शेवटून दुसरं. माइकचं चित्र कायम करडं. खालच्या पट्टीत लिहायचास, पण लोक बोलण्याच्या नादात असत. नवीन आलेल्यांनी विचारलं, हे कोण? मी म्हणालो, "ते आमचे मौनीबाबा." नाव चिकटलं. सुनंदाताई दोन सभांनंतर दिसेनाशा झाल्या. मी म्हटलं, बायकांना घरची कामं असतात, सोडलं असेल.

एकदा, फक्त एकदा, तू बटण दाबलंस. सभेत वाद चालला होता, पुढे काय शिकायचं यावर, आणि अचानक तुझ्या नावाचा माइक हिरवा झाला. सगळ्यांनी बटणं सोडली. पंख्याची घरघर ऐकू आली. लांबून आयेची हाक, "दिगू, पेज निवता रे!" मग तुझा श्वास. तू डोळे मिटले असणार. चाळीस माणसांत मी एकटाच असा होतो ज्याला माहीत होतं की आता फक्त थांबायचं आहे.

मी किती थांबलो असेन? अर्धा मिनिट? "दिगूचा म्हणणा आसा, तेका माझा मत मान्य आसा," मी म्हणालो. सगळे हसले. माइक करडा झाला. परत हिरवा झाला नाही.

आपण बोलायचे थांबलो असं नाही. हॉटेल, भजी, माझे अडलेले प्रोग्राम, सगळं चालू होतं. तू रागावलेला दिसला नाहीस. तसा तू कधीच दिसला नाहीस. यंदा लावणीच्या वेळी शेतात उतरलास, ताप आला, साधा ताप म्हणून दोन दिवस अंगावर काढलास. मी दवाखान्यात आलो तेव्हा तुझे डोळे पिवळे झाले होते. तू माझं मनगट धरलंस. ओठ हलले, अक्षर बाहेर आलं नाही. आणि मी, दिगू, मी म्हटलं, "बरो होतलंस रे. काय काळजी करू नको."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, पटलं तुला.

एसटीत बसून तोंडवलीला पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही की तू डोळे कधी मिटतोस. लक्षात आलं तेव्हा सकाळ झाली होती आणि मामांचा फोन वाजत होता.

बाराव्याला जेवणं उरकल्यावर खळ्याच्या कडेला एक बाई उभ्या दिसल्या. चाळिशीच्या, खांद्याला पिशवी, दोन गाड्या बदलून आलेल्या. "नंदूसर तुम्हीच ना?" म्हणाल्या. "मी सुनंदा. इन्सुलीची. बूथवाली."

मी ओशाळून म्हटलं, "ताई, तुम्ही तर कधीच सोडलं होतंत."

"सोडलं?" त्या बघतच राहिल्या. "दिगूसर रोज दुपारी यायचे की. चव्हाट्यावर. आम्ही तिघंचौघं होतो, हळू लाइनवाले. काजूच्या कारखान्याचा सगळा हिशोबाचा प्रोग्राम मी लिहिला, सरांनी शिकवला म्हणून. मागच्या महिन्यापासून तिथेच कामाला आहे मी." मग ऑफिसातली मराठी सोडून, हळूच म्हणाल्या, "एक इचारू? सरांचो आवाज कसो होतो वो? चार वर्षां शिकवल्यानी, पण आवाज कधी आयकाक गावलो नाय. मी किती येळा सांगितलंय, सर, माझा बूथच आसा, फोन करा. कधीच करूक नाय. माका वाटायचा, आमच्यासारख्यांशी बोलाक तेंका कमीपणा वाटता."

दिगू, तुझ्याबद्दल त्या खळ्यात मी बोललेलं पहिलं वाक्य हे. "ताई, त्याचं बोलणं अडायचं."

"कोणाचा?"

"दिगूचं. शब्द लवकर फुटायचा नाही."

त्या आधी हसल्या. खरंच हसल्या. "सरांचा? काय तरीच काय! माझा वाक्य माझ्याआदी संपवायचे ते! मी 'सर, हय असा केला तर' इतक्याच लिवायची, तवसर पुढचा सगळा हजर." मग माझं तोंड बघून त्यांचं हसू गेलं. पदर तोंडाला लावून त्या पायरीवर बसल्या. तिथूनच म्हणाल्या, "आणि मी तेंका फोन करा म्हणान सांगी होतंय."

त्यांच्याकडे प्रिंटर नव्हता. म्हणून चव्हाट्यावरचं सगळं त्या वहीत उतरवून घ्यायच्या, निळ्या पेननं, मराठी अक्षरांत. पाचशे पानी वही, बूथच्या कॉलांची नोंद करतात तसली. धडे, प्रोग्राम, आणि मध्येमध्ये इकडच्या तिकडच्या गप्पाही, कारण म्हणाल्या, "सर कधी कामाचा बोलतत आणि कधी उगीच, ता माका कळायचा नाय, म्हणान सगळाच लिवलंय." ती वही त्यांनी माझ्या हातात दिली. मी पायरीवर बसून उघडली. आणि मला माझं नाव दिसलं.

*कौल लायल्यानी त्येच्या दुसऱ्या दिवसाक सकाळी देवळात गेलंय. देवाच्या डाव्या खांद्यावर मुंगयो. खालसून वरपर्यंत रांग. पाकळी अजून चिकटलेली. हात लावन बघलंय तर गूळ.*

खाली सुनंदाताईंनी विचारलेलं: *मगे तुमी सांगलास नाय कोणाक?*

*आबाकाका येवची वेळ झाली होती. तेंका दिसला नसता, पण हाताक लागला असता. तेंनी नंदूक देवळात पाय ठेवक दिल्यानी नसतो. मी पाणी आणून धुतलंय. मुंगयो काय जायनत. येकयेक काढलंय.*

*पण सर, तो फसवल्यान तुमका.*

*देव बघी होतो, तो काय बोलाक नाय. मगे मी कसो बोलू? आणि बोलाक गेलंय असतंय तर वाक्य नंदूनच पुरा केल्यान असता.*

मी वही मिटली आणि परत उघडली. पुढे एक पान होतं, तू बटण दाबलंस त्या दिवसाचं. एकच ओळ. *आज बोलाक गेलंय. नंदून माझा मत अर्ध्या मिनिटात देऊन टाकल्यान. पण आवशीची पेज सगळ्यांनी आयकली.*

मला हसू आलं रे. तुझ्या बाराव्याला, तुझ्या पायरीवर, मी मोठ्यानं हसलो, आणि ते थांबवता येईना, आणि मग ते हसणं राहिलं नाही. आये आतून आली. माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली, मी काय करून ठेवलंय हे माहीत नसताना. नाहीतर कदाचित माहीत असतानाही. तुमच्या घरात कोण काय बोलतं म्हणा.

काल दुपारी मी मशीन उघडून बसलो. हेडफोन खिळ्याला टांगलेला होता, तो उतरवून कपाटात टाकला. रापणीच्या सगळ्यांना एका ओळीचं पत्र लिहिलं: शनिवारची सभा चव्हाट्यावर, आणि तिथे सुनंदाताई शिकवतील. तुझे सहा मुद्दे पुन्हा लिहायची गरज वाटली नाही. मग आयआरसीचा तो जुना प्रोग्राम शोधून काढला, चार वर्षं न उघडलेला, आणि खोलीचं नाव टाकलं. दुपारची वेळ, आत कोणी नव्हतं. पडद्यावर ओळ आली.

"इलास? वायच बसा."

तुझा राखणो. पुण्याच्या पोरानं मशीन दोनदा बदललं, पण याला बंद केलं नाही. मी बसलो. मग गावातल्यासारखं गाऱ्हाणं घातलं, एकेक ओळ, कारण दुसरं कसं सांगायचं ते मला येत नव्हतं.

"डाव्या पाकळीक गूळ मी लायलंय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"सातवो मुद्दो माका तवाच कळलो होतो म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"हिरव्या माइकाक मी दिगूचा तोंड धरलंय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"दवाखान्यात पण म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

त्याला काय, तो कशालाही व्हय म्हणतो. तूच त्याला तसा लिहिलास. तरी दर ओळीला मला वाटत होतं की कोणीतरी पाकळी सोडवून घेतंय, मुंग्या एकेक करून काढतंय.

मग मी शेवटची ओळ लिहिली. तिच्या शेवटी म्हाराजा नव्हतं, कारण ती देवाला नव्हती.

"दिगू, तुका काय सांगूचा होता?"

राखणो गप्प राहिला. त्याला एवढ्याचं उत्तर शिकवलेलं नाही. काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकत राहिला. दिसायचा, मिटायचा. दिसायचा, मिटायचा.

माझी बोटं कळांवर होती. मला चांगलं ओळखतोस तू, माझ्याकडे तीनचार उत्तरं तयार होती. 'नसांदे रे.' 'माफ केलंय.' 'भजी खा.'

मी हात मांडीवर घेतले. डोळे मिटले, आणि थांबलो.